52व्या वर्षी, हाताशी शिल्लक नसताना कोल्हापुरात घर घेता येईल का?

तुमचे वय 52, शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत नोकरी, आजवरचे आयुष्य भाड्याच्या घरात आणि बँकेत शिल्लक जवळजवळ नाही. अशा स्थितीत स्वतःचे घर होईल का, असे तुम्ही विचारले आहे. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे आहे की घर होऊ शकते, पण तुमच्या एकट्याच्या पगारावर ते ओढू नये.

शिल्लक नसणे ही दुय्यम अडचण आहे. मुख्य अडचण मुदतीची आहे. पगारदाराचे कर्ज साधारणपणे निवृत्तीपर्यंत फिटावे अशी बँकेची अपेक्षा असते. 20 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 17,350 रुपये बसतो. तेच 8 वर्षांत फेडायचे झाल्यास 28,800च्या घरात जातो. त्यामुळे कमावता मुलगा किंवा मुलगी असल्यास त्यांना सहकर्जदार करून मुदत वाढवून घ्यावी. मात्र पुढे त्यांना स्वतःच्या घरासाठी कर्ज लागेल तेव्हा हा हप्ता त्यांच्या पात्रतेतून वजा धरला जातो, हे आधीच बोलून घ्यावे, आणि सून घरात आली असेल तर तिच्याशीही.

आता हातच्या रकमेचे पाहू. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते. 22 लाखांच्या फ्लॅटसाठी तुमचे 2 लाख 20 हजार, शिवाय शहरहद्दीत मुद्रांक शुल्क व अधिभार मिळून सुमारे 6 टक्के आणि 1 टक्का नोंदणी शुल्क, म्हणजे एकूण पावणेचार लाखांची तयारी हवी. खरेदी केवळ पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. ही रक्कम पतसंस्थेचे कर्ज काढून उभी करू नये. एका पगारातून दोन हप्ते गेले की घरखर्च उसनवारीवर येतो. पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येते, पण तीच तुमची म्हातारपणची पुंजी असल्याने निम्म्याहून अधिक काढू नये. उरलेल्या रकमेसाठी भिशी किंवा आवर्ती ठेव दीड-दोन वर्षे चालवावी. हप्त्याएवढी रक्कम दरमहा बाजूला पडते की नाही, हेही त्यातून कळते.

देशात कुटुंबाच्या नावे कुठेही पक्के घर नसेल आणि वार्षिक उत्पन्न 9 लाखांच्या आत असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 मध्ये व्याज अनुदान आहे, कमाल 1 लाख 80 हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. त्यासाठी घर 35 लाखांच्या आणि कर्ज 25 लाखांच्या आत हवे. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत कोल्हापूरची घरे येतात, त्यांवरही लक्ष ठेवावे.

एका गोष्टीबाबत मात्र मी कठोरपणे सांगेन. पाचगाव, कळंबा, उचगाव या बाजूंना कोणी "एक गुंठा स्वस्तात देतो" म्हणाले, तर आधी सातबारा मागावा. माझ्या टेबलावर असे कितीतरी उतारे आले: एकाच गटात, म्हणजे जमिनीच्या एकाच क्रमांकात, दहा-बारा नावे, कुणाच्या वाट्याची हद्द ठरलेली नाही, जमीन घरासाठी वापरण्याचा बिनशेती आदेश नाही आणि विक्रीचा पुरावा म्हणून पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद. गुंठेवारी, म्हणजे जमिनीचे असे गुंठ्यागुंठ्याने पाडलेले तुकडे, सरकारदरबारी नियमित झालेली नसेल तर बँक सहसा हात लावत नाही, आणि तेव्हा माणूस खाजगी सावकाराकडे वळतो.

तुमच्या वयाला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला) मिळालेला, लिफ्ट असलेला किंवा तळमजल्यावरचा जुना छोटा फ्लॅट मला सर्वांत बरा वाटतो. त्यावर जीएसटी नसतो आणि भाडे व हप्ता एकाच वेळी भरावा लागत नाही. तळमजला घेताना 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी त्या गल्लीत कुठवर आले होते, हे दलालाला नव्हे, तर समोरच्या किराणा दुकानदाराला विचारावे.