पंचविशीच्या आत स्पोर्ट्स कार घेतली तर खरा खर्च किती येतो?

हप्ता परवडतो म्हणजे गाडी परवडते असं नाही. खरा खर्च किल्ली हातात आल्यावर सुरू होतो.

आधी विमा कितीला पडेल याचा कोट काढा, मगच गाडी बघायला जा. अनेक देशांत २५ वर्षांखालच्या चालकाला प्रीमियम जास्त लागतो, त्यात ताकदवान इंजिन आलं की कधी कधी तो हप्त्याच्या बरोबरीला जातो.

दुसरा मोठा खड्डा टायरचा. पकड चांगली मिळावी म्हणून रबर मऊ असतं, त्यामुळे साधा टायर ४०-५० हजार किलोमीटर चालतो तिथे हा २० हजारांतही संपू शकतो. बऱ्याच गाड्यांत मागची चाकं पुढच्यापेक्षा रुंद असतात, म्हणजे टायर पुढे-मागे बदलून आयुष्य वाढवायची सोयही नाही. ब्रेकचंही तसंच, पॅडबरोबर अनेकदा डिस्कही बदलावी लागते. टर्बो (जास्त हवा दाबून भरणाऱ्या) किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या (हवा-इंधन जास्त दाबणाऱ्या) इंजिनाला बहुतेक वेळा जास्त ऑक्टेनचं, म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेणारं महाग पेट्रोल लागतं, ते वेगळंच.

सेकंड हँड स्वस्त पडेल असं वाटतं ना? गाडीची किंमत अर्ध्यावर येऊ शकते, पण गिअरबॉक्सचं काम निघालं तर दुरुस्तीचं बिल नव्या गाडीला येईल तेवढंच येतं. म्हणून सर्व्हिसच्या नोंदी नसलेली गाडी कितीही देखणी असली तरी माझ्या मते सोडूनच द्यावी. घ्यायचीच असेल तर हप्त्याएवढीच रक्कम सहा महिने दर महिन्याला जास्तीची बाजूला टाकून बघा. हात आखडता घ्यावा लागला, तर हलकी, कमी ताकदीची गाडी घ्या. वळणावर तीही तेवढीच मजा देते.