सोशल मीडियात मास्टर्स करायला नोकरी सोडू का? आधी पगाराच्या भाषेत हिशोब करू

नमस्कार ताई,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. तुम्ही २९ वर्षांच्या, पाच वर्षं एका कंपनीचं सोशल मीडियाचं काम बघताय, आता सोशल आणि इमर्जिंग मीडियामधल्या दोन वर्षांच्या फुलटाइम मास्टर्सला ॲडमिशन मिळालीये, फी तुमच्या १४ महिन्यांच्या पगाराएवढी आहे, साठवलेले पैसे १० पगारांएवढे आहेत, महिन्याचा खर्च पगाराच्या ६० टक्के. वरचे पैसे लोन काढून, १० टक्के व्याजाने. आणि डिपॉझिट भरायला १५ दिवस उरलेत. तुम्ही सगळे आकडे पगारात लिहिलेत ते फार बरं केलं, कारण त्या एका मापात फी, खर्च, लोन सगळं शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

माझं मत आधीच सांगते म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं टेन्शन नको. डिग्री करा, पण नोकरी सोडून आणि लोन काढून करू नका. तुम्हीच खाली लिहिलंय की तोच कोर्स तीन वर्षांत पार्टटाइम ऑनलाइन पण आहे, पण "त्यात मजा नाही" म्हणून तो बाजूला ठेवलाय. तो परत समोर घ्या.

आता हिशोब. सगळ्यात कॉमन चूक म्हणजे लोक फी, राहण्याखाण्याचा खर्च आणि बुडालेला पगार हे तिन्ही एकत्र जोडतात आणि आकडा बघून घाबरतात, नाहीतर उलट फक्त फी धरतात आणि खूश होतात. राहण्याखाण्याचा खर्च नोकरीत असतानाही होणारच होता, तो डिग्रीच्या माथी मारायचा नाही. खरी किंमत म्हणजे १४ पगार फी आणि २४ पगार जे मिळणार नाहीत, असे ३८. पण रोख किती लागणार हा प्रश्न वेगळा, तिथे मात्र खर्च धरायचा, १४ फी आणि दोन वर्षांचा खर्च साधारण १४, असे २८. तुमचे १० वजा केले की १८ पगारांचं लोन. आणि लक्षात घ्या यात तुमचं सेव्हिंग पूर्ण शून्य झालं, उद्या लॅपटॉप बंद पडला तरी उधारी.

लोनबद्दल एक गोष्ट मी स्वतः भोगलीये म्हणून जरा थांबून सांगते. मी शिकत असताना लोन काढलं होतं, शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही असं सांगितलं होतं आणि मला वाटलं हप्ता नाही म्हणजे व्याज पण नाही. नोकरी लागल्यावर पहिलं स्टेटमेंट हातात आलं त्यात मुद्दलाच्या रकान्यात मी घेतलेल्या रकमेपेक्षा मोठा आकडा होता, मला वाटलं छपाईची चूक आहे, फोन केला तर कळलं दोन वर्षांचं व्याज मुद्दलात घातलंय आणि आता व्याज त्याच्यावर पण लागणार. कोणी फसवलं नव्हतं, कागदावर लिहिलेलं होतं, पण ती ओळ वाचून दाखवायला कोणी नव्हतं. तुमच्या बाबतीत ती ओळ अशी आहे: पहिल्या वर्षी ९ आणि दुसऱ्या वर्षी ९ पगार उचललेत तर १० टक्क्यांनी, कोर्स संपताना १८ चे जवळपास २१ झालेले असतात. ते १० वर्षांत फेडायचे तर महिन्याचा ईएमआय तुमच्या आजच्या पगाराच्या २८ टक्के, आणि एकूण फेड ३३ पगारांच्या वर. म्हणजे १५ पगार नुसतं व्याज. ३८ मध्ये हे मिळवा, ५३ झाले.

आता ५३ परत कधी मिळणार? तुम्ही लिहिलंय की डिग्रीनंतर ३० टक्के जास्त पगार मिळेल असं वाटतं. ठीक आहे, तेच धरू. पण ३० टक्के कशाच्या वर? आजच्या पगाराच्या. आणि तुम्ही जागच्या हलला नाहीत, वर्षाला ८ टक्के वाढ मिळत राहिली, तर दोन वर्षांनी आजचे १०० म्हणजे ११७ झालेले असणार. डिग्रीवाला पगार १३०. खरा फरक १३ चा, ३० चा नाही. ५३ पगार १३ टक्क्यांनी वसूल करायला किती वर्षं लागतात ते काढलं तर ३४ येतं. हे अगदी ढोबळ आहे, मला माहितीये, पुढच्या वाढी यात नाहीत, पण दिशा त्यातून कळते. अजून साधं बघा, डिग्रीनंतर १३० आले, त्यातून २८ चा ईएमआय गेला, हातात १०२. घरी बसून काहीच केलं नसतं तरी ११७ होते. म्हणजे एवढं सगळं करून पहिली काही वर्षं हातात कमीच पडणार, आणि मागे सेव्हिंग नाही.

पार्टटाइमचं गणित लावू. तीन वर्षांत १४ पगार फी म्हणजे महिन्याला पगाराच्या साधारण ३९ टक्के, तुमची शिल्लक महिन्याला ४० टक्के. बसतं, पण अगदी काठावर, पहिलं वर्ष ओढाताण होणार आणि त्या वर्षी दुसरं काही साठणार नाही हे आधीच मान्य करून टाका. पण पगार चालू, लोन नाही, आणि १० पगारांची गंगाजळी जशीच्या तशी. त्यातले निदान ४ म्हणजे सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात टाका आणि तिकडे बघूच नका. या मार्गाने डिग्रीची किंमत फक्त १४, त्याच १३ टक्क्यांच्या फरकाने ती साधारण ९ वर्षांत निघते, आणि नशिबाने फरक खरंच ३० चा निघाला तर चार वर्षांत. ५३ आणि १४ हा फरक एवढा मोठा आहे की बाकीचा वाद मला गौण वाटतो. हां, वर्गात बसण्याची, सोबतच्यांशी ओळखी होण्याची गोष्ट ऑनलाइनमध्ये कमी होते हे खरंय, तो तोटा मी नाकारत नाही, पण त्या ओळखींची किंमत ३९ पगार नाही.

आता पैशाच्या पलीकडचं, पण खरं तर पैशाचंच. या विषयाची डिग्री इतर डिग्रींसारखी नाही, कारण यातला अर्धा माल लवकर शिळा होतो. आठवून बघा, वाईन हे छोट्या व्हिडिओंचं ॲप २०१३ मध्ये आलं आणि २०१७ च्या सुरुवातीला बंद. गूगलचं सोशल नेटवर्क गूगल प्लस, २०११ ते २०१९. फेसबुक कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये नाव बदलून मेटा केलं तेव्हा जिकडेतिकडे मेटाव्हर्सची, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी दुनियेचीच चर्चा, आणि साधारण वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि सगळ्यांची तोंडं तिकडे वळली. वेबसाइटवर कोण येतं ते मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती जुलै २०२३ मध्ये बंद झाली, ज्यांनी तिचे रिपोर्ट पाठ केले होते त्यांना नव्याने शिकावं लागलं. पत्रकार आणि संशोधक ज्यावर विसंबून होते ते क्राउडटँगल, म्हणजे सोशल मीडियावर कोणत्या पोस्ट पसरतायत ते दाखवणारं टूल, ऑगस्ट २०२४ मध्ये मेटाने बंद केलं. दहा वर्षं ईएमआय भरायचा आणि शिकलेलं टूल तीन वर्षांत गायब, हे गणित जुळत नाही.

पण दुसरा अर्धा टिकतो, आणि त्याच्यासाठीच मी डिग्री करा म्हणतेय. एक उदाहरण देते. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर ॲप्सना ट्रॅकिंगसाठी परवानगी विचारायला लावली, बऱ्याच लोकांनी नाही म्हटलं आणि जाहिरात नक्की कोणामुळे चालली हे जाहिरातीचे आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर धूसर दिसायला लागलं. ज्यांना फक्त कोणतं बटण दाबायचं माहीत होतं ते अडकले. ज्यांना प्रयोग कसा रचायचा, एका गटाला जाहिरात दाखवून दुसऱ्याला न दाखवता फरक कसा मोजायचा हे येत होतं त्यांची किंमत उलट वाढली. रिसर्च मेथड्स, स्टॅटिस्टिक्स, सर्व्हे कसा बनवायचा, प्रायव्हसीचा कायदा, एथिक्स, चांगलं लिहिणं, बजेट मांडणं, हे जुनं होत नाही. नुसतं कॅप्शन लिहिणं आणि पोस्ट शेड्युल करणं मात्र आता मशीन पण करतंय, तुम्ही रोज ऑफिसात बघत असालच, आणि त्याच कामावर पुढची २० वर्षं काढायची भीती तुम्हाला वाटतेय हे मेसेजमधून कळतंय. ती भीती बरोबर आहे. फक्त तिच्यावर उतारा म्हणून कर्ज नको.

म्हणून या १५ दिवसांत एवढं करा. कोर्सचा सिलॅबस उघडा, प्रत्येक विषयापुढे पेन्सिलने खूण करा, टिकणारा की प्लॅटफॉर्मच्या नावाचा. अर्ध्याहून जास्त विषयांत कुठल्या ना कुठल्या ॲपचं नाव असेल तर पार्टटाइमला पण मी नको म्हणेन, ते सगळं छोट्या कोर्समधून आणि कामातून शिकता येतं. मग तुम्हाला तीन वर्षांनी जी पोस्ट हवीये तिच्या २० जाहिराती गोळा करा आणि नुसती मोजणी करा, किती ठिकाणी मास्टर्स "आवश्यक" लिहिलंय, किती ठिकाणी "असल्यास प्राधान्य", आणि किती ठिकाणी डिग्रीचा उल्लेखच नाही पण पोर्टफोलिओ मागितलाय. तुमचा बॉस म्हणतो डिग्रीशिवाय मॅनेजर होता येणार नाही, ते त्याच्याकडून मेलवर घ्या, आणि त्याच मेलमध्ये विचारा की कंपनी फीचा काही भाग उचलेल का. बऱ्याच कंपन्यांत अशी सोय असते आणि कोणी मागतच नाही. बदल्यात इतकी वर्षं सोडायचं नाही अशी अट असली तर किती वर्षं ते नीट वाचा.

फुलटाइम जाणं योग्य कधी? तुम्हाला पुढे शिकवायचं असेल किंवा पीएचडीकडे जायचं असेल तर. किंवा फी माफ आणि वर असिस्टंटशिप, म्हणजे कॉलेजातच शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करून स्टायपेंड, मिळत असेल तर, तेव्हा रोख फक्त राहण्याखाण्याची लागते, ती १० पगार आणि स्टायपेंडमध्ये भागते, लोन जवळपास लागतच नाही, मग मी स्वतः म्हणेन जा. तुमच्या मेसेजच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, "कधीतरी कॉलेजात शिकवायला आवडेल." ते खरंच मनापासून असेल तर कॉलेजला आजच मेल करून असिस्टंटशिपचं विचारा, आणि ॲडमिशन एक वर्ष पुढे ढकलता येते का तेही, कारण एका वर्षात तुमचे आणखी पाचएक पगार साठतात.

डिपॉझिट परत मिळतं का, कोणत्या तारखेपर्यंत, हे भरायच्या आधी लेखी घ्या. आणि त्या २० जाहिरातींची मोजणी झाली की मला पाठवा, आकडे वेगळे आले तर मी गणित परत मांडून देते.