नाव कोणीतरी सुचवावं लागतं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतची मेलही वाचली. ‘राष्ट्रीय सर्वोत्कृष्ट युवा संशोधक’ म्हणून तुझी निवड झाली आहे, अमुक तारखेच्या आत नोंदणी शुल्क भरलं की नाव पक्कं, मानपत्र आणि सन्मानचिन्ह सोहळ्यात मिळेल, येता आलं नाही तर कुरिअरनं घरपोच. हे कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलला जोडता येईल का आणि नाकारलं तर आपण मागे पडू का, असं तू विचारतेस. तुझ्या विभागातल्या दोघांनी तो पुरस्कार घेतला, त्यांचे फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आले, प्राचार्यांनी पुष्पगुच्छ दिला, आणि तुझे दोन चांगले शोधनिबंध आले तेव्हा मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. हे वाचून फार वाईट वाटलं. म्हणून सविस्तर लिहिते.

पैसे भरू नकोस. तुझं काम त्या लोकांनी वाचलेलं नाही. तुझं नाव कोणी सुचवलं, निवड समितीवर कोण होतं, कोणत्या कामासाठी निवड झाली, यातलं काहीच त्या मेलमध्ये नाही. खरा पुरस्कार देणारी संस्था मानकऱ्याकडून शुल्क घेत नाही. गेल्या वर्षीच्या मानकऱ्यांची यादी मागव. तुझ्या विषयातलं एकही ओळखीचं नाव तिच्यात नसेल तर मान्यता कोणाची आहे हे कळेलच.

कॅसचं म्हणशील तर यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची नियमावली स्वतः उघडून बघ, स्टाफरूममधल्या चर्चेवर विसंबू नकोस. संशोधनगुणांच्या तक्त्यात राष्ट्रीय पुरस्काराला ५ गुण आहेत, आंतरराष्ट्रीय पुरस्काराला ७. विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला ८, सहलेखक असतील तर त्यांची वाटणी. सहायक प्राध्यापकांच्या निवडीच्या तक्त्यात तर कोणता पुरस्कार धरायचा हेही लिहिलं आहे: आंतरराष्ट्रीय संघटना, भारत सरकार किंवा भारत सरकारची मान्यता असलेली राष्ट्रीय संस्था यांनी दिलेला. राज्य पातळीवरचा म्हणजे राज्य सरकारनं दिलेला. नावात ‘राष्ट्रीय’ असून भागत नाही. मी छाननी समित्यांवर काम केलं आहे. असलं एखादं प्रमाणपत्र फाइलमध्ये दिसलं की सदस्य पुढचं प्रत्येक पान संशयानं वाचू लागतात, आणि त्याची झळ त्या माणसाच्या खऱ्या कामालाही लागते. तुझे ते दोन निबंध अशा प्रमाणपत्राच्या शेजारी ठेवू नकोस.

पण या सगळ्यातून ‘पुरस्कारांचं मनावर घेऊ नये, आपण काम करत राहावं, दखल आपोआप घेतली जाते’ असा अर्थ काढशील तर तोही चुकीचा ठरेल. आमच्या पिढीतल्या पुष्कळ चांगल्या शिक्षकांनी तरुणांना हेच सांगितलं. मला ते पटत नाही. दखल आपोआप घेतली जात नाही. निवड समितीसमोर जे प्रस्ताव येतात, त्यांतूनच तिला निवड करायची असते. जे नाव तिच्या टेबलावर आलंच नाही, त्या माणसाचं काम कितीही मोठं असो, समितीच्या लेखी तो माणूस नसतोच.

तू सेंद्रिय रसायनशास्त्राची, म्हणून असीमा चॅटर्जींचं उदाहरण देते. त्या कोलकाता विद्यापीठात प्राध्यापक होत्या. सदाफुलीच्या कुळातली अल्कलॉइड्स (वनस्पतींतली औषधी गुणांची नत्रयुक्त संयुगं), अपस्मारावर आणि हिवतापावर उपयोगी पडणाऱ्या वनस्पती, हे त्यांचं क्षेत्र. १९६१ साली त्यांना रसायनशास्त्राचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, म्हणजे देशातला वैज्ञानिक संशोधनाचा एक मोठा मान, मिळाला. कोणत्याही विषयात तो मिळवणारी ती पहिली स्त्री. रसायनशास्त्रात दुसऱ्या स्त्रीला तो मिळायला २००९ साल उजाडलं. त्या होत्या आयआयटी दिल्लीच्या चारुसीता चक्रवर्ती. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षं गेली. भौतिकशास्त्रात अदिती सेन डे यांना २०१८ साली मिळाला, आणि त्या विषयातल्या त्या पहिल्याच. २०२२ च्या यादीत बारा नावं होती, त्यांत एकही स्त्री नव्हती. त्या अठ्ठेचाळीस वर्षांत आपल्या विद्यापीठांमध्ये रसायनशास्त्रात कसदार काम करणाऱ्या बायका नव्हत्या का? मी त्यांच्यासोबत प्रयोगशाळांत उभी राहिले आहे, त्या होत्या. पण भटनागर पुरस्कारासाठी स्वतः अर्ज करायची पद्धत नव्हती. कुलगुरू, संस्थांचे संचालक, विद्याशाखांचे अधिष्ठाते, पूर्वीचे मानकरी अशांनी नाव पाठवायचं. पाठवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी माणसं असतात, त्यांचीच नावं जातात. माझ्या मते या लांबलेल्या वर्षांचं मोठं कारण तिथेच आहे.

याच्या उलट मुंबईची यूडीसीटी बघ, आजची रसायन तंत्रज्ञान संस्था. मनमोहन शर्मा तिथे १९६४ साली, ऐन सत्ताविशीत प्राध्यापक झाले. १९७३ ला त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. १९९० ला ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अभियंते. त्यांचे विद्यार्थी रघुनाथ माशेलकर यांना १९८२ ला भटनागर आणि २०१४ ला पद्मविभूषण, ज्येष्ठराज जोशी यांना १९९१ ला भटनागर आणि २०१४ ला पद्मभूषण, गणपती यादव यांना २०१६ ला पद्मश्री. हे सगळे विलक्षण ताकदीचे लोक आहेत, त्यात शंका नाही. पण एकाच ठिकाणी इतके मान येतात तेव्हा मला तिथली एक सवयही दिसते. तिथे एकमेकांचं काम वाचलं जात होतं आणि त्याबद्दल बाहेर बोललं जात होतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात हुशार माणसं कमी नसतात. ही सवय मात्र क्वचित दिसते, आणि ती लावायला अनुदान लागत नाही.

मागे पडण्याची भीती तू दोनदा लिहिली आहेस. जयंत नारळीकरांना पद्मभूषण मिळालं ते १९६५ साली, सव्विसाव्या वर्षी. त्यानंतर १९७२ ला ते केंब्रिज सोडून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, १९८८ ला पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधनकेंद्राची उभारणी हाती घेतली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, आणि २०१४ ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो आत्मचरित्राला. २०२५ चा केंद्र सरकारचा विज्ञानरत्न पुरस्कार त्यांना मरणोत्तर जाहीर झाला. पहिल्या मोठ्या मानानंतर त्यांनी साठ वर्षं काम केलं. आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे अण्णासाहेब कर्वे? महिला विद्यापीठ त्यांनी १९१६ साली काढलं. बनारसच्या विद्यापीठानं त्यांना सन्माननीय पदवी दिली १९४२ साली, पुण्याच्या विद्यापीठानं १९५१ ला, मुंबईच्या विद्यापीठानं १९५७ ला. भारतरत्न मिळालं ते १९५८ साली, त्यांच्या शंभरीच्या वर्षी. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा, आणि भारतरत्न १९६३ चं. तू अजून चाळिशीही गाठलेली नाहीस. या वयात पुरस्कारांची मोजदाद करत बसू नकोस, कामाची नोंद मात्र पक्की ठेव.

आता तुला खरं सांगायचंय ते हे: दुसऱ्याचा प्रस्ताव लिहायला शीक. हे शास्त्राइतकंच शिकण्यासारखं कौशल्य आहे आणि आपल्याकडे ते कोणी शिकवत नाही. विभागप्रमुखांच्या टेबलावर परिपत्रक येतं, शेवटच्या दोन दिवसांत कोणाला तरी बायोडाटा मागितला जातो, चाळीस पानांची पीडीएफ जोडली जाते आणि वर ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व, विद्यार्थिप्रिय, अहोरात्र परिश्रम’ असं एक पान. मी असे गठ्ठे वाचले आहेत. ते वाचून माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नाही.

पहिल्या चार-पाच ओळींत एवढंच लिही की या व्यक्तीमुळे काय झालं, जे आधी होत नव्हतं. समितीत तुझ्या विषयाबाहेरचे लोक असतात. स्थापत्यवाल्यालाही कळेल अशा मराठीत किंवा इंग्रजीत ते लिही, पण सोपं करताना खोटं करू नकोस. कामं तीनच निवड, चाळीस नकोत. प्रत्येकाखाली पुरावा: निबंध असेल तर त्याचा पुढे कोणी कसा उपयोग केला, अध्यापन असेल तर अभ्यासक्रमात काय बदललं, विद्यार्थी पुढे कुठे पोचले. सहकाऱ्यांचा वाटा स्पष्ट लिही. लपवलेला वाटा समितीतल्या कोणाला तरी माहीत असतोच, आणि तिथे प्रस्ताव संपतो. विशेषणं शेवटी वाचताना खोडून टाक. खोडल्यावर जे उरतं त्यावरच निवड होते.

पात्रतेची कलमं आधी वाच. भटनागरसाठी वयाची अट पंचेचाळीस वर्षांची होती, आणि आधीच्या पाच वर्षांत मुख्यतः भारतात केलेलं काम धरलं जाई. आता चित्र बदललं आहे. २०२३ साली केंद्रानं राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर केले. विज्ञानरत्न, विज्ञानश्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम असे चार प्रकार, आणि भटनागरांचं नाव आता विज्ञान युवाला जोडलेलं आहे. २०२४ ला पहिल्यांदा ते दिले गेले, तेव्हा एकूण तेहतीस होते. विज्ञानरत्न मिळाला जैवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन यांना आणि टीमचा मान चांद्रयान-३ च्या चमूला. हा शेवटचा प्रकार मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे मान एकट्याला द्यायची सवय फार जुनी आहे आणि प्रयोगशाळेतलं काम एकट्याचं जवळजवळ कधीच नसतं. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारही २०२३ पासून उच्च शिक्षणातल्या शिक्षकांना खुला झाला आहे. त्या वर्षी तेरा प्राध्यापकांना तो मिळाला. पद्म पुरस्कारांसाठी तर कोणताही नागरिक ऑनलाइन नाव सुचवू शकतो. तुझ्या कॉलेजातल्या किती जणांना हे ठाऊक आहे, ते विचारून बघ.

शिफारसपत्रं मागताना एक पथ्य पाळ. आपल्याच विभागातल्या तिघांची पत्रं म्हणजे एकच पत्र. बाहेरच्या, काम खरोखर वाचलेल्या माणसाकडे जा, त्याला निदान महिनाभर वेळ दे, आणि तयार मजकूर सहीला पाठवू नकोस. ज्याला स्वतःच्या शब्दांत दोन परिच्छेद लिहावेसे वाटत नाहीत, त्याचं पत्र नसलेलंच बरं. नाव नाही लागलं तर पुढच्या वर्षी प्रस्ताव सुधारून पुन्हा पाठवायचा. रॉयल सोसायटीत एकदा सुचवलेलं नाव वर्षानुवर्षं विचारात राहतं. आपल्याकडे एका नकारानंतर फाइल कपाटात जाते, हे मला फार खुपतं.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. तुमच्या प्रयोगशाळा सहायकांबद्दल तू ओझरतं लिहिलं आहेस. कुठल्या बाटलीतलं रसायन जुनं झालंय ते त्यांना लेबल न बघता कळतं, ऊर्ध्वपातनाचा संच ते स्वतः दुरुस्त करतात, आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात तेव्हा सगळं मांडून ठेवायला ते पहाटेच हजर असतात. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार. त्यांच्या नावावर शोधनिबंध नाहीत, कॅस नाही, सेवापुस्तिकेत बदल्या आणि वेतनवाढी सोडून काही नाही. तुमचं विद्यापीठ वर्धापनदिनाला गुणवंत शिक्षकांबरोबर गुणवंत सेवकांचेही सत्कार करतं. आपल्या राज्यातली बरीच विद्यापीठं करतात. त्या यादीत बहुतेक वेळा मुख्य इमारतीतल्या, अधिकाऱ्यांच्या नजरेसमोरच्या लोकांची नावं येतात. संलग्न कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं नाव तिथवर पोचायचं तर ते कोणीतरी पोचवायला हवं.

तू पोचव. मेलमधलं ते शुल्क भरायचा विचार ज्या संध्याकाळी करत होतीस, तशी एक संध्याकाळ याला दे. त्यांच्या कामाच्या नोंदी जमव: रसायनसाठ्याची रजिस्टरं, दुरुस्त केलेल्या उपकरणांची यादी, इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत झालेले आणि टळलेले अपघात, पीएच.डी. झालेल्या मुलांच्या प्रबंधांतले त्यांचे आभार. जुन्या विद्यार्थ्यांकडून चार-चार ओळी मागव. नोकरीला लागलेली मुलं अशा वेळी आनंदानं लिहितात. उपकरण बाहेर दुरुस्तीला पाठवलं असतं तर किती खर्च आला असता आणि किती दिवस प्रात्यक्षिकं बंद राहिली असती, ते लेखाविभागाकडून काढून घे. हा आकडा प्रस्तावात अवश्य घाल, कारण प्रशासनाला तो चटकन कळतो. प्राचार्यांची सही लागेल. त्यांच्याकडे पूर्ण कागद घेऊनच जा, म्हणजे ‘बघू’ म्हणायला जागा उरणार नाही.

पण यातलं काहीही करण्याआधी त्यांना विचार. काही माणसांना व्यासपीठ नको असतं, आणि त्यांचा तो हक्क आहे. हो म्हणाले तर पहिला मसुदा दिवाळीच्या सुट्टीआधी मला पाठव, मी लाल शाईनं खोडून परत पाठवीन.

तुझी,
मॅडम