‘सिग्मा’ला मराठीत काय म्हणायचं?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका ताईंचा प्रश्न आहे: नववीतला मुलगा ऊठसूट ‘सिग्मा’ म्हणतो, आजीला ते ‘शिगमो’ ऐकू येतं. हा शब्द आला कुठून आणि त्याला मराठी शब्द कोणता?

शिगम्याशी, म्हणजे गोव्यातल्या शिमग्याच्या सणाशी, त्याचा काही संबंध नाही. सिग्मा हे ग्रीक अक्षर. त्याच्या आधी ‘अल्फा’ आला, म्हणजे कळपाचा म्होरक्या. पिंजऱ्यातल्या लांडग्यांना पाहून ही कल्पना निघाली. ती लोकप्रिय करणारे अमेरिकी लांडगे-अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. म्होरकेपणासाठी तिथे सहसा झुंजी होत नाहीत. पण तोवर ही कल्पना माणसांना लावून पुरुषांचीही उतरंड मांडली जाऊ लागली होती. २०१० साली अमेरिकी लेखक थिओडोर बील यांनी तिच्यात सिग्मा आणला: अल्फाच्या तोडीचा, पण उतरंडीबाहेरचा, कुणावाचून न अडणारा. थंड नजर, आवळलेला जबडा आणि तोंडातून अवाक्षर नाही, हे त्याचं रूप पुढे रील्सनी ठरवलं.

‘एकलकोंडा’ इथे चालणार नाही, त्यात कीव आहे. ‘एकांडा’ मात्र चपखल बसतो. एकांडा शिलेदार म्हणजे कुठल्या पथकात न मोडणारा, स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार. तो एकटा खरा, पण मानाचा. फरक एवढाच की एकांड्याचं नाव व्हायचं ते त्यानं रणात काय केलं त्यावरून. सिग्मा नुसता दिसला तरी पुरतो.

हा फरक मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे शिगम्यातल्या घोडेमोडणीच्या नाचात कमरेला लाकडी घोडा बांधून, तलवार परजत नाचणारा गडीसुद्धा रुबाबच दाखवतो. पण ढोल-ताशाच्या ठेक्यावर, जोडीदारांच्या पावलाला पाऊल मिळवून, सगळ्या गावासमोर. नववीतल्या पोराला मित्राच्या खांद्यावर हात टाकावासा वाटतो, कधी रडू येतं. ‘कुणाचीच गरज नाही’ हा आदर्श त्याच्यापुढे ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं. डेव्हिड मीच यांची लांडग्यांची गोष्ट त्याला जरूर सांगा.

आणि ताई, त्याचा प्रत्येक ‘सिग्मा’ एकांडा नसेल. मित्रानं षटकार मारल्यावर तो ‘सिग्मा!’ ओरडला, तर त्याचा अर्थ नुसता ‘कडक!’ एवढाच.