कोकणातल्या नगरसेवकाला पुढे खरंच वाव असतो का?

असतो. दीपक केसरकर सावंतवाडीचे नगराध्यक्ष होते. 2009 ला आमदार झाले, 2022 मध्ये शालेय शिक्षणमंत्री. नारायण राणे मुंबई महापालिकेत नगरसेवक होते, मग बेस्ट समितीचे अध्यक्ष. 1990 ला मालवणातून विधानसभेत गेले, 1999 मध्ये मुख्यमंत्री.

तुम्ही 21 पूर्ण केली असतील आणि गावच्या मतदारयादीत नाव असेल, तर नगरपरिषद लढवता येते. आमदारकीला मात्र 25 लागतात. प्रभागाचं आरक्षण आधी बघा, निम्म्या जागा महिलांसाठी असतात.

पण माझं मत विचाराल तर पावसाळ्याआधी गटारं उपसून घेणारा, उन्हाळ्यात वाडीत टँकर पोचवणारा नगरसेवकच मला मोठा वाटतो. चिपळूणसारख्या पूर येणाऱ्या गावात तर लोक हेच लक्षात ठेवतात.