आजीच्या पाटावरचा नाग आणि तुझा ड्रॅगन

लाडक्या सईला,

काल नागपंचमीला आजीने व्हिडिओ कॉलवर पाट दाखवला. चंदनाने काढलेले नाग, पुढे लाह्या, दुर्वा, दुधाची वाटी. तू लायब्ररीतून आणलेलं ड्रॅगनचं पुस्तक थेट कॅमेऱ्यासमोर धरलंस, तेव्हा आजी म्हणाली, "अगं बाई, केवढा हा नाग!" त्यावर तुझा प्रश्न: "पण आजी, ह्याला तर मारतात. तू त्याला दूध का देतेस?" आजीला ऐकू गेलं नाही की तिने तसं दाखवलं, देव जाणे. मी मात्र "आपल्याकडे तसंच असतं" म्हणून दिंडं उकडायला पळाले. हे काही उत्तर नव्हे, म्हणून हे पत्र. अडलीस तर मोठ्याने वाच, कानाला मराठी लवकर कळतं.

आधी तुझं पुस्तक. तू झोपल्यावर मी ते दोनदा वाचलं. 'सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगन' मार्गारेट हॉजेस यांनी लिहिलंय आणि चित्रं ट्रिना शार्ट हायमन यांची आहेत. ते १९८४ साली निघालं आणि पुढच्या वर्षी चित्रांसाठी त्याला कॅल्डेकॉट पदक मिळालं. चित्रांच्या पुस्तकांना अमेरिकेत याहून मोठा मान नाही. मला लढाईपेक्षा पानांच्या कडा आवडल्या. आपण एखाद्या जुन्या खिडकीतून आत डोकावतोय असं वाटतं, आणि चौकटीत इथली, इंग्लंडची रानफुलं. शाळेच्या वाटेवरची किती ओळखता येतात ते बघ.

आणखी एक गोष्ट आवडली. ड्रॅगनशी लढणारा योद्धा जॉर्ज एका फटक्यात जिंकत नाही. पहिल्या दिवशी पडतो तो जुन्या झऱ्यापाशी, दुसऱ्या दिवशी सफरचंदाच्या झाडाखाली, आणि तिसऱ्या दिवशी कुठे ड्रॅगन मरतो. हॉजेस बाईंनी ही गोष्ट घेतली एडमंड स्पेन्सर या कवीच्या १५९० सालच्या लांबलचक कवितेतून. त्या कवितेत ड्रॅगन मेल्यावर गावकरी भीत भीत बघायला येतात, आणि एक पोर सरळ जाऊन त्याच्या नख्यांशी खेळायला लागतं. त्याची आई घाबरून अर्धमेली होते आणि पोराला रागावते. एवढ्या मोठ्या कवितेत ओळखीची वाटली ती हीच बाई.

पण जॉर्जची गोष्ट स्पेन्सरच्याही आधीची आहे. तेराव्या शतकातल्या एका ग्रंथात ती लिबियातल्या सिलेनी नावाच्या गावात घडते. ड्रॅगनला रोज दोन मेंढ्या द्यायच्या. मेंढ्या सरत आल्या तशी चिठ्ठ्या टाकून माणसांची मुलं द्यायची वेळ आली, आणि एक दिवस चिठ्ठी निघाली राजाच्याच मुलीची.

काही आठवलं? एकचक्रा नगरी! गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा हाकणारा माणूस, घरोघरची पाळी. सई, आपला ड्रॅगन नाग नाहीच, आपला ड्रॅगन बकासुर. फक्त भीम जॉर्जसारखा चिलखत घालून गेला नाही. तो बकासुराच्या वाटचा भात खात बसला. मागून राक्षस पाठीत गुद्दे घालतोय आणि हा जेवतोय! पाळी ज्या घरावर आली होती तिथे आई-बाबा, ताई सगळे रडत होते, तेव्हा एवढासा बोबडा मुलगा गवताची काडी उचलून म्हणाला, मी ह्याने राक्षसाला मारतो. त्या रडारडीतही सगळ्यांना हसू आलं. हे महाभारतातच आहे, मी रचलेलं नाही.

नागाची कहाणी वेगळीच. आजीने सांगितली ती अशी: शेतकरी नांगरत होता, फाळ लागून वारुळातली नागाची पिल्लं मेली. नागीण चिडली. शेतकरी, त्याची बायको, मुलं, सगळ्यांना डसली. लग्न झालेली एक लेक उरली होती, नागीण तिच्या गावी निघाली. तिथे बघते तर ती पाटावर नाग काढून पूजा करतेय. नागिणीचा राग गेला. तिनेच अमृत दिलं, लेकीने माहेरी जाऊन ते सगळ्यांच्या तोंडात घातलं आणि सगळे उठून बसले. इथे चूक कोणाची होती ते बघ, नांगराची. म्हणून त्या दिवशी जमीन खणायची नाही, विळीवर काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. काल पोळी मागितलीस आणि उकडलेली पुरणाची दिंडं मिळाली, ती त्यामुळे.

श्रावणात पावसाने बिळात पाणी शिरतं, साप वर येतात, शेतात माणसांचीही लगबग असते. दोघांनी एकमेकांना सांभाळून राहायचं. शिवाय साप उंदीर खातो, म्हणजे धान्य राखतो. कृष्णानेसुद्धा कालियाला मारलं नाही. फण्यावर नाचून त्याची मस्ती उतरवली आणि बायकामुलांसकट रमणक बेटावर पाठवून दिलं.

आता खरं खरं सांगते. साप दूध पीत नाही. आजीच्या वाटीतलं दूध लहानपणी मीच प्यायचे. तेव्हा दारात गारुडी यायचे, आणि टोपलीतला नाग दूध प्यायचा तो तहानेने, कारण त्याला कित्येक दिवस पाणी दिलेलं नसायचं. आणि पाटावरच्या नागाला हात जोडणारी आमच्या वाड्यातली माणसं न्हाणीघरात खरा साप निघाला की आधी काठी शोधायची. जॉर्जला नावं ठेवायला आपल्याला फारशी जागा नाही.

तुझी गल्लत मात्र पुरती चूक नव्हती. ड्रॅगन हा शब्द मुळात ग्रीक, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ मोठा साप असाच होता. म्हणजे चष्मा न लावता आजी बरोबर बोलली.

आज सकाळी तिचा परत फोन आला होता. विचारत होती, "त्या नागाला पंख कशाला गं?" हे उत्तर तू द्यायचंस. पुस्तक शनिवारी परत करायचंय, त्याआधी तिला फोन लाव आणि सगळी चित्रं नीट दाखव. कॅमेरा हलवू नकोस.

तुझी आई