डेंपो मोठा की एफसी गोवा?

गोव्यातल्या या दोन फुटबॉल क्लबांच्या वादात नवा असशील तर आधी नीट ऐक. डेंपोवाले ५ राष्ट्रीय लीग जेतेपदं तोंडावर फेकतील. ती खरी आहेत, नाकारू नकोस. तू २०२१ काढ: आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळलेला पहिला भारतीय क्लब आपला एफसी गोवाच. साळगावकर या तिसऱ्या गोवेकर क्लबवाल्यांशी मात्र जपून. २०१६ मध्ये डेंपो आणि स्पोर्टिंग या क्लबांसोबत त्यांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली, ती जखम अजून ओली आहे. फातोर्ड्याच्या स्टेडियममधल्या गर्दीवरून क्लबांचं भवितव्य सांगत सुटू नकोस. पैसा कोण घालतो, शाळकरी पोरं कुठल्या अकादमीत जातात, ते विचार. आणि चर्चिल ब्रदर्स क्लबचा एखादा चाहता काका मिरची भज्यांची बशी पुढे सरकवून नुसतं '२०१३' म्हणाला, तर भजी उचल आणि गप्प बस. त्या मोसमात आय-लीग त्यांनीच मारली होती.